किड्याची छबी

फोटोविषयी रेडिओवर बोलायचं म्हणजे पंगतीचं वर्णन ऐकवून पोट भरण्यासारखं आहे. पण मला आज फोटो दाखवायचेच नाहीत. ते निघत का नव्हते आणि निघावेत म्हणून लोकांनी काय काय केलं, ते सांगायचं आहे. वाघाचा फोटो अवघड, असं आपल्याला वाटतं. अंगणातल्या मुंगीचा फोटो माझ्या मते त्याहून अवघड. वाघापुढे आपल्याला जीव मुठीत धरावा लागतो. मुंगीच्या बाबतीत जीव जातो तो तिचा, आणि पुष्कळदा आपल्याला त्याचं काही वाटतही नाही.

माझं माहेर शिवऱ्याचं. पुणे-सातारा रस्त्याने खेड-शिवापूर मागे टाकलं की शिवरे लागतं. तालुका भोर, खोरं शिवगंगेचं. आमच्या घरामागे आईची परसबाग होती. मोरीचं पाणी जाईल तिकडे अळू, त्याच्या कडेला केळी, कागदी लिंबाचं एक झाड आणि दोडक्याचा मांडव. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी या परसात लाल मखमलीचे मणी चालायला लागायचे. मृगाचा किडा. आम्ही मुलं त्याला गवतासकट काडेपेटीत ठेवायचो. हा खरं तर किडा नव्हेच. पाय मोजा, आठ भरतील. म्हणजे नातं कोळ्याशी. वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखाली काढून पहिल्या पावसानंतरचे थोडे दिवस तो वर येतो, आणि तेवढ्या दिवसांत त्याला इतकी कामं असतात की तो थांबत नाही.

पुढे शाळेत विज्ञान शिकवता शिकवता मला कॅमेऱ्याचा नाद लागला, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक हाच ठरला. चिखलात कोपरं टेकून मी त्याच्यामागे सरपटत होते, आणि धाकटी वहिनी मागच्या दारात उभी राहून बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "अक्का, त्याच्या पायाला दोरा बांधा की!"

आम्ही दोघी हसलो. पण वहिनीची ही युक्ती साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहे, हे मला खूप नंतर कळलं.

लंडनचा रॉबर्ट हुक १६६५ साली 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक छापत होता. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसेल ते हाताने चितारायचं, असा त्याचा उद्योग. पिसू निघाली, माशीचे डोळे निघाले. मुंगीने मात्र त्याला जेरीस आणलं. पाय मेणात किंवा सरसात चिकटवावेत, तर ती अंगाला असे पीळ घालायची की धड काही दिसेना. मारावी, तर एवढ्याशा देहाचा आकारच बिघडायचा. मग हुकने तिला दारू पाजली, म्हणजे मद्यार्कात बुडवली. मुंगी झिंगून निपचित पडली, हुकने निवांत चित्र काढलं, आणि तासाभराने ती एकदम उठून चालायला लागली. हुकने हे सगळं पुस्तकात प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे. कॅमेरा यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती, पण चिकटवणं, मारणं आणि गुंगी आणणं या तिन्ही वाटा त्याने तेव्हाच चालून पाहिल्या होत्या.

आपल्याकडची गोष्ट निघाली आहे तर एका सातारकराचं नाव घेतलंच पाहिजे. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. वडील स्कॉटिश मिशनरी, याचा जन्म १८५१ साली साताऱ्यात. काही वर्षं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्याने लॅटिन शिकवलं, नंतर मीठ आणि जकात खात्यात नोकरी केली. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली, तिच्या संस्थापकांपैकी हा एक. त्याच वर्षी 'एहा' या टोपणनावाने त्याचं पुस्तक आलं. त्यात वाघ-सिंह नाहीत. बंगल्याच्या आवारातल्या मुंग्या, गांधीलमाश्या, कोळी, बेडूक आहेत. सरहद्दीवरच्या टोळ्यांशी इंग्रज सरकार लढत होतं, आणि हा गृहस्थ सांगत होता की माझ्या सरहद्दीवरच्या टोळ्या या आहेत. चित्रं मॅक्रे नावाच्या चित्रकाराने काढली. फोटो नाहीत, आणि १८८३ साली ते शक्यही नव्हते. चित्रकाराला एक सोय असते, किडा पळून गेला तरी तो डोळ्यांपुढे राहतो. कॅमेऱ्याला स्मरणशक्ती नाही.

आता ते शक्य का नव्हतं, हे थोडं सांगते. शाळेतली सवय, सहन करा.

लहान वस्तू मोठी दिसायला हवी असेल तर भिंग वस्तूच्या जवळ न्यायचं आणि फिल्म भिंगापासून लांब. किडा फिल्मवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटवायचा तर हे अंतर दुप्पट होतं आणि फिल्मवर पडणारा उजेड चौथाईवर येतो. पाचपट मोठा हवा असेल तर उजेड छत्तिसाव्या हिश्शावर, दहापट हवा असेल तर एकशेएकविसाव्या हिश्शावर. म्हणजे फिल्म तितकाच जास्त वेळ उघडी ठेवायची, आणि तितका वेळ किड्याने मिशीसुद्धा हलवायची नाही. दुसरी अडचण खोलीची. खऱ्या आकाराच्या छबीत, भिंगाचं तोंड सोळा नंबरापर्यंत बारीक केलं तरी, जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. मृगाच्या किड्याचे पुढचे पाय साधले की पाठ धूसर झालीच. तोंड आणखी बारीक करावं तर उजेड आणखी कमी. आणि फारच बारीक केलं की किरण कडांवरून वळतात व सगळंच चित्र मऊ पडतं. कुठूनही ओढा, पांघरूण अपुरंच. त्यात वारा आलाच. एवढ्या जवळून पाहिलं की झुळूकसुद्धा वादळ होते.

म्हणून कॅमेऱ्याच्या अगदी पहिल्या दिवसांत, १८४० च्या सुमारास, इंग्लंडमध्ये फॉक्स टॅलबॉटने सौर सूक्ष्मदर्शक लावून किड्यांचे पंख टिपले. नुसते पंख. ते चपटे असतात, त्यामुळे खोलीचा प्रश्न नाही. आणि उपटलेले असतात, त्यामुळे हलण्याचाही नाही.

इथे मला आपल्या दादासाहेब फाळक्यांची आठवण येते. 'राजा हरिश्चंद्र' सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या आधीची एक लहानशी फिल्म फारशी कुणाच्या बोलण्यात येत नाही. १९१२ साली फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. पैसा उभा करायचा होता, आणि सावकारांचा या खेळावर विश्वास नव्हता. मग दादरच्या घरी त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा समोर रोखून ठेवला. महिनाभराहून अधिक काळ थोडी थोडी फिल्म फिरवत त्यांनी बी रुजण्यापासून वेल चढण्यापर्यंत सगळं टिपलं. पडद्यावर ते मिनिटाभरापेक्षा जरासं जास्त चाले. नाव 'अंकुराची वाढ'. त्या काळच्या वेगाने मिनिटाला हजारेक चौकटी लागतात. म्हणजे दिवसाला तीसएक झाल्या, हा माझा हिशेब. तीस वेळा मूठ फिरवायची, कुंडीला धक्का लावायचा नाही, उजेड सांभाळायचा, आणि हे महिनाभर. थोड्याच काळापूर्वी अति ताणाने याच माणसाची दृष्टी गेली होती आणि डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली होती. ती फिल्म पाहून यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देव्हारे अशी मंडळी कर्ज द्यायला तयार झाली, सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले, आणि पुढचं आपण जाणतोच. भारतीय सिनेमाचं भांडवल एका वाटाण्याच्या रोपाने मिळवून दिलं, असं मी वर्गात सांगायची तेव्हा मुलांना खोटं वाटे.

इंग्लंडात हे आधी झालं होतं. पर्सी स्मिथ नावाच्या एका सरकारी कारकुनाने १९१० मध्ये फुलं उमलताना दाखवली होती. पण त्याच स्मिथने माशीही टिपली होती. पाठीवर बांधून ठेवलेली माशी पायांवर गोळा फिरवते आहे, अशी ती फिल्म. लोक हसले आणि मागोमाग विचारू लागले, की माशीला यातना तर होत नाहीत? नंतर सोडून देतो, असा खुलासा स्मिथला करावा लागला. फाळक्यांवर ती वेळ आली नाही. वेल पळून जात नाही आणि यातनेचं कुणी विचारत नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत एका जोडप्याने हा प्रश्न फार धाडसाने सोडवला. डेव्हिड फेअरचाइल्ड हे तिकडच्या शेती खात्यातले वनस्पतिसंशोधक. पत्नी मॅरियन ही टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलची मुलगी. दोघांना आपल्या मागच्या अंगणातले किडे मोठे करून पाहायचे होते. त्यांनी कॅमेरा लांब करत नेला, इतका की एक तर बारा फुटांचा झाला. त्याचं नाव 'लाँग हॉरेस'. आपल्याकडचा एखादा लांबट माजघराचा सोपा डोळ्यांपुढे आणा, तेवढा कॅमेरा, आणि त्याच्या एका टोकाला नाकतोडा. उजेडाचा मघाचा हिशेब आठवला तर कळेल, की इथे जिवंत नाकतोड्याचं काम नव्हतं. म्हणून किडे आधी मारले जात. मग ठोकळ्यावर मेणाच्या थरात त्यांचे पाय सुईने एकेक करून बसवायचे, मान वर, मिशा पुढे, जणू आत्ता उडी मारेल. हे फोटो १९१३ मध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक'मध्ये आले आणि पुढच्या वर्षी 'बुक ऑफ मॉन्स्टर्स' या नावाने पुस्तक निघालं. आजही ते पाहताना अंगावर काटा येतो. कोळ्याचे डोळे तुमच्या डोळ्यांना भिडतात. नजर मेणाची आहे हे विसरायला होतं. फेअरचाइल्ड मात्र विसरू देत नाहीत. आम्ही हे असं केलं, हे त्यांनी पुस्तकात उघड लिहिलं आहे. माझ्या लेखी त्या पुस्तकाची किंमत त्यामुळे वाढते.

जिवंत किड्याला वाट करून दिली ती विजेने. पॅरिसमध्ये मारेच्या संस्थेत ल्यूसियन बुल याने १९०४ मध्येच विजेच्या ठिणग्यांच्या उजेडात उडत्या किड्यांच्या चित्रमालिका घेतल्या होत्या. किडा नाजूक चिमट्यात धरलेला असे आणि तो सुटून उडाला की त्याच्या उडण्यानेच यंत्र सुरू होई. कल्पना फार सुंदर, पण ती प्रयोगशाळेबाहेर येईना. १९३० च्या दशकात अमेरिकेत एजर्टनने इलेक्ट्रॉनिक फ्लॅश हाताशी येईल असा केला, आणि त्यानंतर दोन-तीन दशकांत तो खांद्यावरच्या पिशवीत मावू लागला. सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात काम उरकणारा उजेड. तेवढ्यात मुंगी जाऊन जाऊन जाणार कुठे?

भिंगाची गोष्ट आणखी मजेची. जपानात जुने कागद मायक्रोफिल्मवर उतरवताना त्यांच्या चित्रलिपीतल्या दाट रेघा एकमेकींत मिसळत. रोमन अक्षरांना पुरणारी भिंगं कमी पडत. म्हणून निकॉनने १९५६ मध्ये मायक्रो-निक्कोर हे भिंग काढलं. त्याच घराण्यातलं पंचावन्न मिलिमीटरचं भिंग पुढे जगभरच्या किडेवाल्यांच्या गळ्यात दिसू लागलं. जपानी कागदपत्रांसाठी जे सुरू झालं, ते आमच्या अळवावरच्या माशीच्या उपयोगी पडलं.

माझ्या गळ्यात ते उशिरा आलं. घरातला पहिला कॅमेरा आग्फाचा क्लिक थ्री. त्यात आख्खं कुटुंब यायचं, पण दोन हातांच्या आत आलेलं काहीही धुक्यात जायचं. मग जुना एसएलआर घेतला, आणि भिंग उलटं फिरवून लावलं की जवळचं दिसतं, ही गरिबाची युक्ती कळली. उटीला तयार होणारी 'इंदू' ही कृष्णधवल फिल्म मी पुष्कळ वाया घालवली. एका रोलमध्ये छत्तीस चौकटी, आणि रोल धुऊन हातात येईपर्यंत किडा कुठला, झाड कुठलं, हेही विसरलेलं असायचं. छत्तिसांत दोन बरे निघाले तर पेढे वाटावेत अशी स्थिती. मायक्रो-निक्कोर सेकंडहँड मिळालं ते १९९३ मध्ये.

१९९४ च्या भाद्रपदात लिंबाच्या झाडावर एक हिरवा प्रार्थनाकीटक सापडला, पुढचे पाय जोडून बसणारा. वाऱ्याने फांदी हलत होती, फोटो येत नव्हता. आमच्यात एक अनुभवी गृहस्थ होते. ते म्हणाले, किडा पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. गारठ्याने सुस्त होतो, मनाजोगता बसवता येतो, ऊन लागलं की पुन्हा चालू लागतो. सगळेच करतात. मी तो डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला. तेवढ्यात दारात पाहुणे आले. चहा झाला, पोहे झाले, कुणाच्या तरी लग्नाची बोलणी निघाली. डबा आठवला तेव्हा दीड तास होऊन गेला होता.

मी तो फांदीवर ठेवला. चांगला बसला. वारा थांबला होता, भिंगाचं तोंड बारीक केलं, तिपाई लावली आणि अर्धा रोल संपवला. सगळे फोटो स्वच्छ. मग उन्हात ठेवून वाट पाहिली. हुकची मुंगी तासाभराने उठली होती. हा उठला नाही.

त्यातल्या एका फोटोला पुढच्या वर्षी बक्षीस मिळालं. परीक्षकांनी 'जिवंतपणा' हा शब्द वापरला, आणि मी व्यासपीठावर हसून प्रमाणपत्र घेतलं. भावाने तो फोटो चौकटीत घालून शिवऱ्याच्या माजघरात लावला. कोणी बारकाईने पाहिलं असतं तर मिशांवरून ओळखलं असतं. जिवंत प्रार्थनाकीटकाच्या मिशा अशा लोंबत नाहीत. कोणी पाहिलं नाही. पुढे फेअरचाइल्डांचं पुस्तक हाती आलं तेव्हा मला लाज वाटली ती याची. त्यांनीही मारले होते, पण त्यांनी सांगितलं होतं.

त्यानंतर मी बरीच वर्षं फक्त पहाटे फोटो काढले. पहाटे किडे आपसूकच गारठलेले असतात, अंगावर दव असतं, आणि ऊन आलं की आपल्या पायांनी चालू लागतात. फार फोटो मिळत नाहीत. चालतं.

आपल्याकडच्या पुस्तकांतही हा बदल दिसतो. विंटर-ब्लाइथ यांचं भारतीय फुलपाखरांवरचं पुस्तक मुंबईच्या सोसायटीने १९५७ मध्ये काढलं. त्यातल्या रंगीत पानांवर फुलपाखरं पंख पसरून, ओळीने मांडलेली आहेत, संग्रहालयातल्या पेटीत असतात तशी. आयझॅक किहीमकर यांचं पुस्तक त्याच सोसायटीने २००८ मध्ये काढलं, आणि त्यात ती पानावर, फुलावर, चिखलावर बसलेली आहेत. हा नुसता सौंदर्याचा फरक नाही. बसलेलं फुलपाखरू बहुधा पंख मिटून बसतं, म्हणजे आपल्याला दिसते ती पंखांची खालची बाजू. पेटीतल्या नमुन्यावरून परसातलं फुलपाखरू ओळखताना पूर्वी आम्ही हमखास फसायचो. आता शाळेतली मुलंसुद्धा मिटल्या पंखावरून नाव सांगतात. २०१५ मध्ये महाराष्ट्राने निळ्या-काळ्या 'ब्लू मॉर्मन'ला राज्य फुलपाखरू केलं, तेव्हा कितीतरी मुलांनी मला विचारलं की ते लिंबावर येतं का. येतं.

डिजिटल कॅमेरा आला आणि रोलची चिंता गेली. दोन मिलिमीटरच्या अडचणीवरही तोडगा निघाला. किड्याच्या नाकापासून शेपटापर्यंत थोडं थोडं सरकत वीस, पन्नास, शंभर फोटो घ्यायचे. प्रत्येकातला स्पष्ट पापुद्रा संगणक उचलतो आणि एकावर एक रचतो. लेव्हॉन बिस या इंग्रज छायाचित्रकाराने ऑक्सफर्डच्या संग्रहालयातले किडे असे टिपले आणि २०१६ मध्ये त्यांचं प्रदर्शन झालं. एकेका किड्यासाठी आठ हजारांवर फोटो. भिंतीएवढ्या त्या छबींत अंगावरचा प्रत्येक खड्डा दिसतो. ते संग्रहातले जुने नमुने आहेत, हे तिथे सांगितलेलंच होतं.

पण पाहा, शंभर फोटो होईपर्यंत किड्याने हलायचं नाही, ही अट पुन्हा आलीच. शंभर वर्षं फिरून आपण लाँग हॉरेसच्या दाराशी आलो. आणि आता फ्रिज घरोघरी आहे. अतिशय देखणा, डोळ्यांतली प्रत्येक जाळी दाखवणारा फोटो समोर आला की मी पहिल्यांदा मिशांकडे बघते. ही खोड काही जायची नाही.

गेल्या मृगात शिवऱ्याला गेले होते. परसाचा निम्मा भाग आता फरसबंद आहे; अळू आहे, लिंबाचं झाड म्हातारं झालं आहे. भावाची नात नऊ वर्षांची. माजघरातल्या त्या फोटोकडे बोट दाखवून तिने विचारलं, "आत्याआजी, हा कुणाकडे बघतोय?" मी तिला डब्याची सगळी गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली, काही बोलली नाही, आणि आईचा मोबाइल घेऊन परसात पळाली. रात्री पाऊस झाला होता. फरशीच्या कडेला एकच मृगाचा किडा होता, घाईत. तिने कोपरं टेकली. पंधरा-वीस फोटो काढले, तोवर तो अळवाखाली गेला.

आम्ही तिघी दाराशी बसून फोटो पाहत होतो. एकात डावीकडचे चार पाय अगदी स्वच्छ आले होते, बाकी सगळा लाल धूर.

"हलला वाटतं," वहिनी म्हणाली.

"हलला," नात म्हणाली आणि तो फोटो तिने ठेवून दिला.